घराण्याचा इतिहास स्वखर्चाने छापला, आता ऑनलाइन लोकांपर्यंत कसा पोहोचवू?

तुम्ही लिहिलंय की ३०० प्रती छापल्या, फेसबुकवर मुखपृष्ठ टाकलं, लाइक आणि नमस्कार भरपूर आले, पण मागणी अकरा प्रतींची. वाचून हसू आलं, कारण पहिल्या महिन्यात माझा आकडा सात होता.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी माहेरच्या घराण्याचा इतिहास लिहिला. गाव अलिबागजवळ, अष्टागरातलं. चार वर्षं खपले, ५०० प्रती छापल्या, किंमत ४०० रुपये ठेवली. आडनावाची माणसं घेतील असा माझा हिशोब. घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं. बहुतेकांनी ‘स्तुत्य उपक्रम’ लिहिलं आणि मागाहून वेगळा मेसेज केला, “आत्या, पीडीएफ आहे का?”

त्यांच्यावर राग नाही. ज्याचं नाव वंशावळीत आहे त्याला ते ठाऊकच असतं. त्याच्या शाखेच्या पानाचा फोटो कुणीतरी पाठवतं आणि त्याचं काम भागतं. माझी पुस्तकं घेतली ती दुसऱ्याच लोकांनी. त्यांतल्या बहुतेकांचं आडनाव आमचं नाहीच.

एक म्हणजे लेकींकडची माणसं. जुने कुलवृत्तांत तुम्ही चाळले असतीलच. मुलाची ओळ पुढे पुढे जाते, मुलगी लग्न होऊन गेली की तिची तिथेच संपते. काही ठिकाणी तर नावही नाही, नुसतं ‘कन्या ३’. मी स्वतः लेक, त्यामुळे मला ते खटकायचं. प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, सासरचं गाव आणि सापडली तेवढी मुलंबाळं मी पुस्तकात घातली. तो निव्वळ हट्ट होता, विक्रीबिक्रीचा विचार तेव्हा डोक्यात नव्हता. पुस्तकं पलंगाखाली पडून राहिली तेव्हा एक दिवस बसून सासरच्या आडनावांची यादी केली. ९४ भरली. ती आहे तशी फेसबुकवर टाकली आणि वर एवढंच लिहिलं की ह्या आडनावांच्या घरांत आमची कुणीतरी आजी-पणजी नांदली आहे, तुमचं घर त्यात आहे का बघा.

ती पोस्ट मी कुणाला पाठवली नाही, लोकांनीच पाठवली. बडोद्याहून, इंदूरहून, न्यू जर्सीहून निरोप आले. सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच होता, पणजीचं माहेरचं नाव काय होतं? लग्नात नाव बदलायची आपली रीत. त्यामुळे घरात ‘लक्ष्मीबाई’ म्हणून फोटो असतो आणि ती मुळात ‘दुर्गा’ होती हे घरात कुणालाच माहीत नसतं. ते एक नाव हवं म्हणून लोक ४०० रुपये आनंदाने देतात, आणि बहिणीसाठी दुसरी प्रतही मागवतात.

तेव्हा तुमच्या पुस्तकात लेकींची माहिती असेल तर आधी ही सूची करा. नसेल तर ती विचारणारी पोस्ट टाका. पुरवणीला मजकूर मिळेल आणि वाचकही. आडनावं मराठीबरोबर इंग्रजी स्पेलिंगनेही लिहा, जेवढ्या तऱ्हांनी लिहितात तेवढ्या. परदेशात वाढलेली नातवंडं मराठीतून शोधत नाहीत. आमचंच आडनाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलं जातं.

दुसरे घेणारे म्हणजे गावचे आणि आसपासचे लोक. तिथे तुमच्या घराण्यात कुणालाही रस नाही, हे आधी पचवा. रस आहे तो त्यांच्याही घरात घडलेल्या गोष्टीत. माझे एक चुलत आजोबा रामदास बोटीत गेले. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचे दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसं बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून जमतील तेवढी वाचवली. आमच्या घरच्या रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, १६ जुलैनंतर एकदम २९ जुलैची नोंद आहे, ‘तेराव्याचे सामान’. मधली पानं कोरी. त्या पानाचा फोटो आणि पुस्तकातला दीड पानाचा मजकूर मी १७ जुलैच्या सकाळी अलिबाग-रेवस भागातल्या दोन फेसबुक ग्रुपवर टाकला (ॲडमिनला आधी विचारून, न विचारता टाकलेली पोस्ट उडवतात आणि तुम्हालाही). तीन दिवस लोक खाली लिहीत होते. कुणाचे काका, कुणाच्या आजीचे वडील, कुणी त्या दिवशी पोट दुखलं म्हणून बोट चुकवलेलं. पुस्तकाचा उल्लेख पोस्टमध्ये शेवटच्या ओळीत होता आणि किंमत पहिल्या कमेंटमध्ये. त्या आठवड्यात ४१ प्रती गेल्या.

तुमच्या पुस्तकातही असं काहीतरी असणारच. प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या बांधल्या असतील, कूळकायद्यात जमीन गेली असेल किंवा मिळाली असेल, धरणात घर गेलं असेल. ते शोधा आणि त्या त्या तारखेला टाका. मुखपृष्ठाचा फोटो पुन्हा टाकू नका. ‘मूळ पुरुष अमुकपंत’ हेही नको, बाहेरच्या माणसाला तिथेच जांभई येते.

‘किंमत इनबॉक्समध्ये’ असं चुकूनही लिहू नका. किंमत, टपालखर्च आणि पैसे कुठे भरायचे हे एका जागी स्पष्ट असावं.

आता माझी चूक सांगते. नमुना म्हणून मी वंशावळीचं एक पान टाकलं. त्यावर हयात माणसांच्या जन्मतारखा होत्या आणि एका भाचीच्या मोडलेल्या लग्नाची नोंद. तिचा रात्री अकराला फोन आला. पोस्ट लगेच काढली, पण तोवर ती चार ठिकाणी गेली होती. छापील पुस्तक कपाटात राहतं, हे राहत नाही. तेव्हापासून ऑनलाइन फक्त गेलेल्यांविषयी टाकते, तेही जवळच्यांना विचारून.

चुका दाखवणारे भेटतीलच. “आमच्या पणजोबांना तुम्ही निपुत्रिक केलंत, मग आम्ही कोण?” असं एकाने सगळ्यांसमोर विचारलं. मी माफी मागितली, कागद मागवले आणि पुढच्या महिन्यापासून शुद्धिपत्र टाकायला लागले. लोक आता ते वाट बघून वाचतात, कुणाची चूक निघाली हे बघायला तर नक्कीच.

पैसे भरून केलेल्या जाहिरातीवर मी २,००० रुपये घालवले. त्यातून एक प्रत गेली, आणि “हाय” म्हणणारी बरीच मुलं आली. ‘तुमचं पुस्तक देशभर पोहोचवू’ म्हणून पॅकेज विकणाऱ्यांचे फोन येतील, त्यांना नको म्हणा.

कागदोपत्री कामं थोडीच आहेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतला नसेल तर पुढच्या आवृत्तीला घ्या. भारतात तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत ३० दिवसांत पाठवायची असते, आणि स्वतः छापलं तर प्रकाशक तुम्हीच. टपालाला मे २०२५पासून पुस्तकांसाठीची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पोहोचायला वेळ लागतो पण पाकीट कुठे आहे ते दिसतं. आत जाहिरातीचं पत्रक घालू नका, आणि पुस्तकावर प्रकाशक-मुद्रकाचं नाव छापलेलं असू द्या.

पीडीएफचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. पूर्ण पुस्तकाची देऊ नका. नावं आणि पान क्रमांक असलेल्या सूचीची द्या, फुकट द्या, हवी तेवढी फिरू द्या. सूचीत आपल्या आजीचं नाव आणि पुढे ‘पृ. १३७’ दिसलं की माणूस १३७ पानावर काय आहे ते विचारायला येतोच.