वाचकांचे प्रश्न : दूरशिक्षणातून ऑब्जेक्ट-ओरिएंटेड सॉफ्टवेअर विकास

नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने पदव्युत्तर संगणक अभ्यासक्रम करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड सॉफ्टवेअर विकास या विषयाशी संबंधित निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे दिली आहेत. या पद्धतीत माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बाळगणाऱ्या ‘ऑब्जेक्ट’ नावाच्या घटकांतून प्रोग्राम रचला जातो; ‘क्लास’ म्हणजे असे ऑब्जेक्ट घडवण्याचा साचा. पहिल्या प्रश्नातील अडचण बहुतेक पत्रांमध्ये या ना त्या स्वरूपात आढळल्यामुळे त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी बारा वर्षे सी भाषेत प्रोग्रामिंग केले आहे. अभ्यासक्रमातील जावाचे स्वाध्याय मला सोपे जातात आणि त्यांत गुणही चांगले मिळतात. परंतु ग्रंथालयातील पुस्तकांच्या देवघेवीची प्रणाली रचण्याचा स्वाध्याय मात्र ‘क्लास आहेत, पण ऑब्जेक्ट नाहीत’ एवढ्याच शेऱ्यासह परत आला. मी पुस्तक, सभासद आणि देवघेव असे तीन क्लास केले असून सर्व कामे ग्रंथालय-व्यवस्थापक या चौथ्या क्लासमध्ये ठेवली आहेत. प्रोग्राम अचूक चालतो. मग चूक कोठे आहे?

उत्तर : शेरा योग्य आहे, परंतु दूर बसलेल्या विद्यार्थ्याला तो इतक्या त्रोटक शब्दांत देऊ नये, असे मला मनापासून वाटते, वर्गातला विद्यार्थी तास संपल्यावर जाऊन त्याचा अर्थ विचारू शकतो, आपल्याला तशी सोय नाही. आपल्या पहिल्या तीन क्लासमध्ये केवळ माहिती आणि ती वाचण्या-बदलण्याच्या मेथड्स (क्लासमधील फंक्शन्स) आहेत, तर विचार करण्याचे सगळे काम चौथा क्लास करतो. म्हणजे सी भाषेतील स्ट्रक्चर (नुसत्या माहितीचे गट) आणि त्यांवर काम करणारी फंक्शन्स हीच जुनी मांडणी जावाच्या वेशात आली आहे. बारा वर्षांची सवय असल्यावर असे होणे स्वाभाविक आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

ऑब्जेक्टची कल्पना मुळात कोठून आली, हे पाहिले की शेऱ्याचा अर्थ उलगडतो. नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड यांनी १९६०च्या दशकात ‘सिम्युला’ ही भाषा प्रत्यक्ष जगातील व्यवहारांची नक्कल संगणकावर करण्यासाठी घडवली. अशा नकलेत प्रत्येक घटक आपली स्थिती स्वतः बाळगतो आणि प्रसंग आला की आपले वागणेही स्वतःच ठरवतो. म्हणून ऑब्जेक्टकडून माहिती काढून घेऊन आपण निर्णय करायचा नसतो. ज्याच्याजवळ माहिती आहे त्यालाच काम सांगायचे असते.

आता आपल्या प्रणालीतील विलंब-दंडाचे उदाहरण घ्या. आपला व्यवस्थापक देवघेवीकडून परतीची तारीख घेतो, सभासदाकडून त्याचा प्रकार घेतो, पुस्तकाचा प्रकार तपासतो आणि मग स्वतः गुणाकार करतो. परतीची तारीख देवघेवीला ठाऊक आहे, तर ‘आज पुस्तक परत आले तर किती दिवसांचा उशीर होईल’ हा प्रश्न देवघेवीलाच विचारायला हवा. दंडाचा दर सभासदत्वाच्या प्रकारावर ठरत असेल, तर दर सांगण्याची जबाबदारी सभासदत्वाची. असे केल्यावर व्यवस्थापकाकडे निरोप योग्य ठिकाणी पोहोचवण्यापुरतेच काम उरते.

यावर आपण म्हणाल की, ओळी इकडच्या तिकडे हलवल्या, प्रोग्राम तर पूर्वीसारखाच चालतो. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये कधीच सापडत नाही. ते सापडते गरज बदलल्यावर. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये एका लेखात एकाच प्रोग्रामच्या दोन विभागण्यांची तुलना केली होती. एका विभागणीत प्रक्रियेच्या प्रत्येक पायरीचा एक भाग होता. दुसरीत पुढे बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका भागात लपवलेला होता. दोन्ही विभागण्यांतून तोच प्रोग्राम उभा राहत होता, मात्र बदल करायचा झाल्यास पहिल्या विभागणीत अनेक भागांना हात लावावा लागत होता आणि दुसरीत तो बहुधा एकाच भागात आटोपत होता.

दूरशिक्षणाची खरी उणीव मला येथे दिसते. समोर बसलेला शिक्षक आपली रचना पाहता पाहता ‘समजा, उद्या असे झाले तर?’ असे सहज विचारतो, आणि विद्यार्थी त्या एका प्रश्नातून जे शिकतो ते छापील पाठातून मिळणे कठीण असते. स्वाध्याय एकदा पाठवला, गुण आले आणि पुढचा पाठ सुरू झाला, की आपण लिहिलेला कोड बदलण्याची वेळच विद्यार्थ्यावर येत नाही. ती वेळ आपण स्वतःवर आणली पाहिजे. स्वाध्याय पाठवण्याच्या निदान आठवडाभर आधी तो पूर्ण करून ठेवा. चार चिठ्ठ्यांवर चार बदल लिहा : मासिके फक्त ७ दिवसांसाठी द्यायची, ग्रंथालयाच्या सुट्टीचे दिवस विलंबात धरायचे नाहीत, एका पुस्तकाच्या अनेक प्रती असू शकतात, बाहेर गेलेल्या पुस्तकासाठी सभासदाला आरक्षण करता आले पाहिजे. रोज एक चिठ्ठी उचला, तो बदल प्रत्यक्ष कोडमध्ये करा आणि त्यासाठी किती क्लास उघडावे लागले ते टिपून ठेवा.

यातला प्रतींचा बदल मुद्दाम सावकाश करा. तो करताना आपल्या लक्षात येईल की ‘पुस्तक’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या : शीर्षक, लेखक आणि विषय असलेली कृती, आणि जिच्यावर दाखल क्रमांक असतो ती हातात धरता येणारी प्रत. सभासद घरी नेतो ती प्रत. आरक्षण होते ते कृतीचे, कारण कोणती प्रत आधी परत येईल हे कोणालाच ठाऊक नसते. रोजच्या बोलण्यातील शब्दाच्या पोटातून असे दोन क्लास निघतात, तेव्हा या विषयाची गोडी लागते. या टिपणाचे एक पान स्वाध्यायाला जोडा. आपण रचना कशी बदलली आणि का बदलली हे दिसल्यावर समंत्रकांनाही (दूरशिक्षणातील मार्गदर्शक शिक्षकांना) शेरा विस्ताराने लिहिणे सोपे जाते.

प्रश्न : इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचे गुण वारशाने घेणे, शिकवताना प्राणी, वाहने, आकृत्या यांची उदाहरणे दिली जातात. ती समजतात, पण स्वतःच्या प्रकल्पात इनहेरिटन्स कोठे वापरावे हे ठरवता येत नाही. दोन क्लासमध्ये समान कोड दिसला की मी एकाला दुसऱ्याचा वारस करते. हे योग्य आहे का?

उत्तर : समान कोड हे इनहेरिटन्ससाठी पुरेसे कारण नाही. या मोहात अनुभवी मंडळीही पडली आहेत. जावासोबत मिळणाऱ्या तयार क्लासच्या संग्रहातील (स्टँडर्ड लायब्ररीतील) ‘स्टॅक’ हा क्लास ‘व्हेक्टर’चा वारस आहे. स्टॅकचा नियम असा की, शेवटी ठेवलेली वस्तू प्रथम काढायची. व्हेक्टरमध्ये मात्र कोणत्याही क्रमांकाच्या जागी वस्तू घुसवता येते. वारसा मिळाल्यामुळे ही मुभा स्टॅककडेही आली, आणि जो नियम पाळण्यासाठी स्टॅक निर्माण झाला तोच कोणालाही मोडता येऊ लागला. आज जावाचे अधिकृत दस्तऐवजच त्याऐवजी दोन्ही टोकांनी वस्तू ठेवता-काढता येणारा ‘डेक’ हा इंटरफेस वापरण्याची शिफारस करतात. येथे स्टॅकने एक व्हेक्टर स्वतःच्या आत ठेवून त्याच्याकडून काम करून घेतले असते, तर कोड पुन्हा लिहिणे तितकेच टळले असते आणि नियमही सुरक्षित राहिला असता.

वारस करण्यापूर्वी लावायची कसोटी बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये एका व्याख्यानात मांडली. तिचा आशय असा की, जेथे मूळ प्रकारचा ऑब्जेक्ट अपेक्षित आहे तेथे वारस प्रकारचा ऑब्जेक्ट ठेवला, तरी वापरणाऱ्या कोडची अपेक्षा भंगता कामा नये. चौरस हा भूमितीत आयतच असतो; परंतु आयताची रुंदी बदलली तरी उंची तशीच राहील, या भरवशावर लिहिलेला कोड चौरस हाती येताच चुकतो. आपल्या प्रकल्पातील वारसांची जोडी घ्या, मूळ क्लाससाठी लिहिलेल्या चाचण्या वारसावर जशाच्या तशा चालवा. त्यांतील एखादी चाचणी फसली, तर ते नाते पुन्हा तपासावे लागेल.

प्रश्न : यूएमएलच्या (सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांनी दाखवणाऱ्या चिन्हभाषेच्या) आकृत्या काढण्यात माझा फार वेळ जातो. प्रत्यक्ष कामात त्या कोणी काढताना दिसत नाही. त्या शिकणे आवश्यक आहे का?

उत्तर : ग्रेडी बूच, जेम्स रंबॉ आणि इव्हार जेकबसन यांच्या वेगवेगळ्या पद्धती एकत्र येऊन यूएमएल घडले आणि १९९७ मध्ये त्याला मानकाचे रूप मिळाले. त्यातील सर्व चिन्हे पाठ करण्याची गरज मला वाटत नाही. क्लासची आकृती आणि ऑब्जेक्टमधील संदेशांचा क्रम दाखवणारी आकृती, या दोन चांगल्या आल्या तर बहुतेक काम भागते. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला त्यांचा एक जास्तीचा उपयोग आहे : समंत्रकांना आपल्या मनातील रचना दाखवण्याचे साधन त्याच्यापाशी तेवढेच असते.

तथापि आकृतीने सुरुवात करू नका. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये सुचवलेली सीआरसी कार्डे आधी वापरून पाहा. एका छोट्या कार्डावर क्लासचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि त्याला मदत करणारे इतर क्लास एवढेच लिहायचे. अभ्यासक्रमातील एखाद्या सहाध्यायासोबत व्हिडिओ कॉलवर कार्डे वाटून घ्या आणि ‘सभासदाने पुस्तक परत आणले’ असा एखादा प्रसंग एकमेकांना प्रश्न विचारत पार पाडा. ज्याच्या हातातील कार्डच सारखे बोलत राहते, तो क्लास फार मोठा झाला आहे हे दोघांनाही ताबडतोब कळते.

प्रश्न : या विषयाला आठवड्यातून किती वेळ द्यावा?

उत्तर : अभ्यासक्रमाच्या क्रेडिटवरून हिशेब करा. युरोपीय क्रेडिट पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचा अभ्यास धरला जातो. त्यामुळे १० क्रेडिटचा विषय २० आठवड्यांत पूर्ण करायचा असल्यास आठवड्याला साडेबारा ते पंधरा तास लागतात. आपल्या संस्थेचे प्रमाण माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. वाचन अर्ध्या-अर्ध्या तासांत विभागता येते, रचनेचे काम तसे विभागता येत नाही. त्यासाठी आठवड्यात एकदा सलग तीन तास राखून ठेवावेत आणि घरच्यांनाही ते सांगून ठेवावे.

प्रश्न : समंत्रकांचे उत्तर यायला तीन-चार दिवस लागतात. तोवर अभ्यास अडून राहतो आणि कधी कधी उत्तरातही ‘कोड नीट तपासा’ एवढेच असते. काय करावे?

उत्तर : ‘प्रोग्राम चालत नाही’ असे कळवल्यास पहिले उत्तर म्हणून आपल्यालाच उलट प्रश्न येतो आणि तीन दिवस वाया जातात. म्हणून कोड कापत कापत इतका लहान करा की अडचण वीस-पंचवीस ओळींत दिसेल. त्यासोबत आपली अपेक्षा काय होती, प्रत्यक्षात काय घडले, आणि आपण काय काय करून पाहिले, हे लिहा. यातील निम्म्याहून अधिक प्रश्न कोड कापतानाच सुटतात, असा स्वाध्याय तपासतानाचा माझा अनुभव आहे.

रचनेसंबंधी प्रश्न असेल तर मात्र ‘माझी रचना बरोबर आहे का’ असे विचारू नका, कारण त्याला एका ओळीचेच उत्तर येईल. दोन पर्याय समोर ठेवा. उदाहरणार्थ, दंडाचा दर सभासदत्वाकडे ठेवावा की स्वतंत्र दंडनियम हा क्लास करावा, हे लिहून आपण कोणता पर्याय निवडला आणि कोणत्या बदलाच्या भीतीने निवडला ते सांगा. उत्तर येईपर्यंत तोच पर्याय धरून पुढे जा. समंत्रकांनी दुसरा सुचवला, तर पहिल्या उत्तरात सांगितलेल्या चिठ्ठ्यांमध्ये पाचवी चिठ्ठी मिळाली असे समजून कोड बदला, आणि किती क्लास उघडावे लागले ते याही वेळी टिपून ठेवा.