स्क्रॅप्स, चुरा आणि खरवड

प्रश्न असा आलाय की लीड्सला शिकायला गेल्यावर फिश अँड चिप्सच्या दुकानात काउंटरवरच्या बाईंनी 'स्क्रॅप्स?' असं विचारलं, आता स्क्रॅप म्हणजे तर भंगार, मग त्या नक्की काय देत होत्या?

चुरा देत होत्या! वडापावच्या गाडीवर आपण 'थोडा चुरा टाका' म्हणतो ना, तोच प्रकार, फक्त बेसनाऐवजी मैद्याचा. माशाला लावलेलं पीठ कढईत सुटतं, कुरकुरीत होतं, ते झाऱ्याने काढून ठेवतात आणि चिप्सवर (तिकडे चिप्स म्हणजे वेफर्स नव्हे, बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी) घालून देतात, बहुतेक ठिकाणी फुकटच. लीड्स ज्या भागात येतं त्या यॉर्कशायरमधे ह्याला स्क्रॅप्स, इतर काही भागात नुसतंच बिट्स आणि साऊथ वेल्सकडे स्क्रम्प्स. एक मात्र आधीच सांगतो, यॉर्कशायरमधे बरीच दुकानं अजून बीफच्या चरबीत तळतात, चिप्स पण त्यातच, त्यामुळे चालत नसेल तर कशात तळता ते सरळ विचारून घ्या, कोणी वाईट वाटून घेत नाही.

आता शब्दाबद्दल, कारण मला हा शब्द फार आवडतो. भंगार हा अर्थ नंतरचा आहे. इंग्रजीत हा शब्द 14व्या शतकाच्या शेवटी दिसायला लागतो तेव्हा त्याचा अर्थ अन्नाचे उरलेसुरले तुकडे असाच होता, आणि तो आला जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतून, जिथे 'स्क्रापा' म्हणजे खरवडणं. म्हणजे बघा, आपण खरवडण्यावरून खरवड केली, पातेल्याच्या तळाशी लागलेली, जिच्यासाठी घरात भांडणं होतात ती, आणि त्यांनी त्यांच्या खरवडण्यावरून स्क्रॅप केलं. चिप्पीवाल्यांनी (तिकडे दुकानाला चिप्पी म्हणतात, आयर्लंडमधे चिपर) शब्द बिघडवला नाहीये, उलट मूळ अर्थ त्यांच्याकडेच टिकलाय.

खरी फसगत होते ती तोच शब्द गावागणिक वेगळा निघतो तेव्हा. लीड्समधे फिशकेक मागितला तर बटाट्याच्या दोन चकत्या, मधे मासा, आणि वरून पीठ लावून तळलेलं असं मिळतं, इतरत्र बऱ्याच ठिकाणी फिशकेक म्हणजे कुस्करलेला बटाटा नि मासा एकत्र करून केलेलं कटलेट. स्कॅलप म्हणजे खरं तर शिंपल्यातला जीव पण लँकेशायर-मिडलंड्सच्या चिप्पीत ती चक्क बटाट्याची भजी असते, मासा औषधालाही नाही. स्कॉटलंडमधे 'फिश सपर' म्हणजे रात्रीचं जेवण नव्हे, सपर म्हणजे सोबत चिप्स, दुपारी मागितलं तरी सपरच. चिप्स भरायचा पाव मँचेस्टरला बार्म, नॉटिंगहॅमला कॉब. बार्म म्हणजे मुळात बिअर आंबताना वर येणारा फेस, पूर्वी त्यावरच पाव फुगवायचे म्हणून पावालाच ते नाव पडलं.

तुमच्या लीड्सपुरतं अजून एक. तिथे एक मासा आणि एक चिप्स हवे असतील तर जुने गिऱ्हाईक 'वन ऑफ ईच' एवढंच म्हणतात. पुढच्या वेळी 'वन ऑफ ईच विथ स्क्रॅप्स, प्लीज' म्हणून बघा.