वाचकांचे प्रश्न : छोट्यांचे रविवार आणि माळ्यावरच्या कॅसेट

प्रश्न : सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनच्या ‘किलबिल’ या मुलांच्या कार्यक्रमात माझी मोठी बहीण एकदा नाचली होती. चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरात दाटीवाटीने बसून आम्ही तो भाग पाहिला. कुणाच्या तरी घरच्या कॅसेटवर तो मिळेल का?
– एक वाचक, दादर

उत्तर : ती आशा धरू नका. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. व्हीएचएस कॅसेट जपानमध्ये बाजारात आली तीच १९७६मध्ये, आणि आपल्याकडे व्हीसीआर दिसू लागले ते १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या आगेमागे. त्याआधीचं घरगुती रेकॉर्डिंग जवळपास नाहीच. स्टुडिओतल्या फिती महाग असत, त्यामुळे त्या पुसून पुन्हा वापरायची पद्धत जगभर होती. बीबीसीचेही कितीतरी कार्यक्रम असेच गेले.

तुमच्या हातात आहे ती बहिणीची आठवण. गाणं कोणतं, तालीम किती दिवस, पोशाख कुणी शिवला, स्टुडिओत दिव्यांची उष्णता किती लागली, हे तिला बोलतं करून फोनवर रेकॉर्ड करा. त्या दिवसाचा फोटो असेल तर तो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा.

प्रश्न : १९८९च्या सुमारास रविवारी सकाळी मुलांची गाणी, नकला, बाहुल्यांचे खेळ असा कार्यक्रम लागला होता. त्यात आमचा मुलगा होता. ती व्हीएचएस कॅसेट माळ्यावर सापडली आहे. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरं काहीतरी दिसतं. जुना व्हीसीआर चालू होतो. लावून पाहू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : अजिबात लावू नका. ते पांढरं म्हणजे बुरशी. कोकणातल्या पावसाळ्यांत माळ्यावर राहिलेल्या कॅसेटला ती हमखास धरते. अशी कॅसेट लावली की बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे फितीवरचं चित्र वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला लागते. फितीचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतील तर मोटरच्या ओढीने फीत तुटते.

सर्वात आधी कॅसेटच्या कण्याकडची, लेबल लावतात त्या बाजूची, प्लास्टिकची छोटी पट्टी तोडून टाका. ती तुटली की त्या कॅसेटवर चुकूनही नवं रेकॉर्डिंग होत नाही. कुणी त्या खाचेवर चिकटपट्टी लावली असेल तर ती काढा. मग कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन आठवडे ठेवा. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका. उष्णतेने फीत वाकडी होते.

वाळलेली बुरशी भुकटीसारखी सुटते. तोंडाला मास्क बांधून, घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशने ती झटका. कॅसेटच्या तळाला पाच स्क्रू असतात. आतल्या वेढ्यांच्या कडा साफ करायला ते काढावे लागतात, पण त्याआधी फोनवर फोटो घ्या, कारण आतले छोटे रूळ आणि स्प्रिंग उडाले की पुन्हा जागेवर बसवताना घाम फुटतो. कडांच्या आतपर्यंत पांढरं गेलेलं दिसलं तर तिथेच थांबा आणि काम जाणकाराकडे द्या.

व्हीसीआरची तयारी वेगळी. झाकण काढण्यापूर्वी प्लग काढा. चामड्याच्या मऊ तुकड्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, तो हेड बसवलेल्या चकचकीत ड्रमला, म्हणजे गोल फिरणाऱ्या नळकांड्याला, हलकेच टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या बाजूने धरून सावकाश फिरवा. तुकडा वर-खाली घासायचा नाही, हेड तुटतं. कापसाची काडीही नको, तिचे तंतू हेडमध्ये अडकतात. मग आधी एखादी निरुपयोगी कॅसेट लावून पाहा. यंत्राने ती चावली नाही, तरच तुमची. तीही लगेच प्ले न करता एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात राहिलेले वेढे सैल होतात. प्ले केल्यावर मुंग्या किंवा आडवे पट्टे दिसले तर ट्रॅकिंगचं बटण फिरवा. चित्राच्या अगदी तळाशी थरथरणारी बारीक पट्टी मात्र व्हीएचएसमध्ये असतेच, तिची काळजी नको.

संगणकात घेताना पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. सॉफ्टवेअरमध्ये पाल ही आपल्याकडची टीव्ही पद्धत निवडा, ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम). एनटीएससी ही अमेरिकेतली पद्धत राहून गेली तर चित्र काळं-पांढरं होऊन वर-खाली धावतं आणि लोक उगाच कॅसेटला दोष देतात. सेकंदाला ८ मेगाबिटच्या एमपेग-२ या व्हिडिओ फाइलमध्ये तासाला साधारण ३.६ जीबी लागतात. ही मूळ प्रत जशीच्या तशी जपा. मोबाइलवर पाठवायला वेगळी प्रत करा. चित्र ४:३ आहे. टीव्ही भरून दिसावं म्हणून ते ताणू नका, मुलाचा चेहरा उगाच रुंद दिसतो.

अर्ध्या तासानंतर ओठ आणि आवाज जुळेनासे झाले, तर दोष बहुधा व्हीसीआर संगणकाला जोडणाऱ्या स्वस्त यूएसबी उपकरणाचा. जुन्या फितीची गती किंचित डळमळते आणि उपकरण चौकटी गाळत जातं. व्हीसीआर आणि संगणकाच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून चित्र त्यातून पुढे नेलं तर बऱ्याचदा काम भागतं.

आणि फीत तुटलीच तर साधी सेलोटेप नको. तिचा गोंद हेडवर उतरतो. फीत जोडण्यासाठीची खास जोडपट्टी मिळते ती वापरा, आणि ती फितीच्या आतल्या बाजूला लावा. रेकॉर्डिंग बाहेरच्या बाजूला असतं.

प्रश्न : न्यूजर्सीतल्या मुलीला तिच्या लहानपणीची अशीच कॅसेट पाठवू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कॅसेट नको, फाइल पाठवा. आपलं पाल ६२५ ओळींचं, तिकडचं एनटीएससी ५२५ ओळींचं; तिकडच्या साध्या व्हीसीआरवर चित्र धड दिसणार नाही. शिवाय प्रवासात हरवली तर दुसरी प्रत नाही.

प्रश्न : कॅसेटवर तारीख नाही. साल कसं ओळखावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुलांच्या कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर काय लागलंय ते पाहा, म्हणूनच जाहिराती कापून टाकू नका. ‘रामायण’ रविवारी सकाळी २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत चाललं, ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ला सुरू झालं. शेपटाला त्यातला प्रसंग सापडला, तर भागाच्या क्रमावरून महिन्यापर्यंत पोचता येतं. मोगली दिसला तर १९९३ किंवा त्यानंतरचं. मात्र एकाच कॅसेटवर वेगवेगळ्या वर्षांचं रेकॉर्डिंग असू शकतं. दोन तुकड्यांच्या मधे मुंग्या आल्या की पुढचा तुकडा नव्याने तपासा.