आतला पॅड संपला, बाहेरचा शाबूत

प्रश्न : साताऱ्याहून रोज यवतेश्वर घाटाने कासकडे जाणं-येणं असतं. डाव्या पुढच्या चाकातून ब्रेक दाबला की करकर येते. चाक काढून पाहिलं तर आतला ब्रेक पॅड घासून पार मागच्या पत्र्याला आलाय, बाहेरचा मात्र निम्मा शिल्लक आहे. नवे पॅड घरी टाकता येतील का? एकाच बाजूला टाकले तर चालतील?

उत्तर : एका बाजूला नको, गाडी ब्रेक लावताच एकीकडे ओढेल. दोन्ही पुढच्या चाकांचा मिळून चार पॅडचा सेट घ्या. घरी टाकता येतील, पण नुसते पॅड बदलून तुमचं दुखणं जाणार नाही. तुमच्यासारख्या गाड्यांत ब्रेक ऑइलच्या दाबाने सरकणारा पिस्टन आतल्या बाजूलाच असतो. तो आतला पॅड डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर दाबतो आणि त्याच जोराने कॅलिपर, म्हणजे पिस्टन असलेला चिमटा, पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना जाम झाल्या की सगळा भार आतल्या पॅडवर. पिनेवरचं रबरी आवरण (बूट) फाटलं, पावसाळ्यातलं पाणी-चिखल आत गेलं, ग्रीस वाळलं, हे नेहमीचं कारण.

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. जॅकवर उचलल्यावर खाली स्टँड लावाच, नुसत्या जॅकवर विसंबू नका. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला. पूर्ण काढलात तर तारेने बांधा. होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटतो. जुने पॅड कसे बसले होते त्याचा फोटो काढून ठेवा.

आता पिना बाहेर काढा. गंज पॉलिश पेपरने साफ करा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. साधं चेसिस ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. काही गाड्यांत दोन पिना वेगळ्या असतात, अदलाबदल करू नका. खड्डे पडलेली पिन सरळ बदला.

ब्रेक ऑइलचं झाकण उघडा, जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश आत ढकला. ऑइल काठोकाठ असेल तर आधी थोडं काढा, नाहीतर पिस्टन ढकलताना ते उतू जाईल, आणि ते रंग खातं. पिस्टन हलतच नसेल तर कॅलिपर गॅरेजमध्येच दाखवा.

पत्रा डिस्कला घासलाय, म्हणजे चरे पडले असणारच. नखाला अडकणारा खोल चरा असेल, किंवा डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीखाली ती गेली असेल, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदला. पॅडच्या घासणाऱ्या तोंडाला ग्रीसचा थेंबही नको.

सगळं बसवलं, झाकण लावलं, की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पहिले काही दाब थेट तळाला जातील, कारण पिस्टन अजून आतच आहे. मग मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून आठ-दहा वेळा हळूहळू वेग कमी करा, मध्ये थंड होऊ द्या. घाट त्यानंतर.

प्रश्न : पसरणी घाट उतरताना पेडल मऊ पडतं. पॅड नवे आहेत, मग?

उत्तर : ब्रेक ऑइल जुनं असावं. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाच्या कोरड्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. तापलं की वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात आणि पेडल मऊ लागतं. दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. पुन्हा मऊ पडलंच, तर थांबून थंड होऊ द्या, चालवत राहू नका.