पाय पांढरे पडले म्हणजे रक्त कमी झालं का?

प्रश्न : ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यातला निम्मा मका काढून बाजरी आणि लाल ज्वारी घातली. पक्षी खातात नीट, पण पाय आणि चोची पांढुरक्या झाल्या. माणसांच्या लॅबमध्ये रक्त दिलं, तर पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या आल्या. मका परत सुरू करू का?

उत्तर : एवढ्यावरून नको. पायांचा पिवळेपणा रक्ताचा नसतो, मक्यातल्या झँथोफिल या रंगद्रव्याचा असतो. बाजरी-ज्वारीत ते फार थोडं, म्हणून पाय फिके पडणारच. रक्त पाहायचं तर तुरा पाहा, पापणी उलटून आतली बाजू पाहा. तिथे लाली असेल तर निश्चिंत राहा.

तो रिपोर्ट मात्र बाजूला ठेवा. कोंबडीच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, माणसाच्या पेशीत नसतं. त्यामुळे मशीन तिला पांढरी पेशी समजून मोजतं. पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, तपासून घ्या आणि काचपट्टीवर रक्त पसरून पाहायला सांगा. पीसीव्ही साधारण 22 ते 35 टक्के चालतो. तो जास्त आला की लोक खूश होतात, पण पाणी कमी पडलेल्या किंवा पोटात पाणी होत असलेल्या पक्ष्याचाही आकडा वर जातो.

आता धान्याकडे वळू. बाजरीवर माझा भरवसा आहे. तिच्यात मक्याहून प्रथिनं जास्त आणि टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, नगण्य. फक्त दाण्यांत अरगट या विषारी बुरशीचे काळे खडे नाहीत ना, हे निवडून पाहा. ज्वारीबाबत सावध राहा. दाणा लाल म्हणजे टॅनिन असतंच असं नाही. वरची साल नखाने खरवडा, खाली गडद तपकिरी थर दिसला तर संशय घ्या. टॅनिन प्रथिनं आणि लोह दोन्ही बांधून ठेवतं. मग वाढ खुंटते आणि रक्तही उतरू शकतं.

पण रक्ताच्या तक्रारीत माझा पहिला संशय धान्याच्या जातीवर नसतो, बुरशीवर असतो. ओलसर साठवलेल्या कुठल्याही धान्यात, मक्यातसुद्धा, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होतं. ते यकृत बिघडवतं, आणि रक्त गोठवणारी प्रथिनं यकृतातच बनतात. म्हणून अशा पक्ष्यांच्या कातडीखाली, मांसात रक्ताचे डाग सापडतात. उन्हात वाळवल्याने बुरशी थांबते, पण तयार झालेलं विष राहतं. लॉट वापरण्याआधीच तपासून घ्या.

तुरा फिका दिसला तर मात्र आधी लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली पसरलेला भुसा, पाहा. विष्ठेत रक्त असेल तर ती रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस. तिथे धान्य बदलून काही होणार नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

सध्या बाजरी चालू ठेवा, ज्वारी तपासणी होईपर्यंत थांबवा. मका कमी केल्यावर लायसिन-मेथिओनिन या अमिनो आम्लांचा (प्रथिनांच्या घटकांचा) हिशेब नव्याने करून घेतला होता का, तेही कळवा. पाय पिवळेच हवे असतील, तर झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात घालता येतो.