मोतीचा खोकला आणि बिनशंखाची गोगलगाय

प्रश्न : डॉक्टर, आम्ही लंडनजवळ क्रॉयडनला राहतो. आमचा मोती, दीड वर्षाचा लॅब्राडोर, दोन आठवडे खोकतोय. काल चेंडू चावताना हिरडीतून रक्त आलं, ते थांबेचना. शेजारीण म्हणते, ‘लंगवर्म असेल.’ पण जंताची गोळी तर आम्ही दर तीन महिन्यांनी देतो!

उत्तर : ताई, हे वाचून होताच त्याला दवाखान्यात न्या. खोकल्यापेक्षा ते न थांबणारं रक्त मला खुपतंय. लंगवर्म म्हणजे फुप्फुसाचा जंत; तो हृदयाच्या उजव्या भागात आणि फुप्फुसाच्या धमनीत राहतो, रक्त गोठणंच बिघडवतो. रक्ताची तपासणी होते. शीतूनही अळ्या दिसतात, पण रोज पडतीलच असं नाही, म्हणून तीन दिवसांचे नमुने द्या.

मी तिकडे नोकरीला होतो तेव्हा जुने सहकारी याला ब्रिटनच्या पश्चिमेकडचा, वेल्स-कॉर्नवॉलचा रोग म्हणत. २००९मध्ये तो स्कॉटलंडमधल्या कुत्र्यातही सापडला. कोल्ह्यांच्या विष्ठेतून अळ्या पडतात आणि गोगलगायीत वाढतात. तुमच्या भागात तर कोल्हे कचऱ्याच्या डब्यापर्यंत येतात. अशी गोगलगाय पोटात गेली की कुत्र्याला हा जंत होतो, पण तो ती मुद्दाम खातो असंही नाही. माझ्याकडच्या एका स्पॅनिएलचं रबरी हाड रात्रभर बागेत पडलं होतं, त्याला नखाएवढ्या बिनशंखाच्या गोगलगायी चिकटलेल्या! खेळणी, पाण्याचं भांडं रात्री आत घ्या.

जंताची प्रत्येक गोळी यावर चालत नाही. मॉक्सिडेक्टिन किंवा मिल्बेमायसिन असलेलं औषध लागतं, तेही दर महिन्याला; तुमच्या पाकिटावरचं नाव डॉक्टरांना दाखवा. माणसांना हा जंत होत नाही, मोतीला खुशाल मांडीवर घ्या.