गोदावरी चालेल, सुधाकर अजून नाही

प्रश्न असा आहे: मुलगी झाली तर पणजीचं गोदावरी, मुलगा झाला तर आजोबांचं सुधाकर. घरात दोन्ही नावांना ‘जुनाट’ म्हणून विरोध आहे. जुनी नावं पुन्हा चलनात येतात का?

येतात, पण सगळी एकदम येत नाहीत. तुमच्या दोन नावांपैकी एक आत्ताच बिनधास्त ठेवण्यासारखं आहे, दुसऱ्याला अजून वीस-पंचवीस वर्षं थांबावं लागेल.

आई-वडिलांच्या पिढीची नावं आपल्याला कंटाळवाणी वाटतात, आजी-आजोबांच्या पिढीची म्हातारी वाटतात. पणजी-पणजोबांना त्या नावाने हाक मारलेली आपण सहसा ऐकलेलीच नसते, म्हणून ती नावं पुन्हा कोरी होतात. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत सरकारच दरवर्षी नावांची क्रमवारी काढतं. त्यात १८८० साली मुलींमध्ये तिसरं असलेलं ‘एमा’ विसाव्या शतकात पार मागे पडलं आणि २०१४ ते २०१८ अशी सलग पाच वर्षं पहिलं होतं. आपल्याकडे अशी यादी निघत नाही, पण बालवाडीचं हजेरीपत्रक बघा: सई, मुक्ता, रमा, जिजा, मल्हार, माधव, राघव.

या नावांचं काय जुळलं? ती दोन-तीन अक्षरी आहेत, आणि मागचं ‘बाई’, ‘राव’, ‘पंत’ गळून गेलं आहे. सईबाई म्हटलं की इतिहासाचं पुस्तक उघडतं, नुसती सई मात्र शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते. नावाचं वय बहुतेक वेळा मुळात नसतं, शेपटीत असतं. सुधा आजही गोड वाटतं. त्याला ‘कर’ लागला की प्रभाकर, दिवाकर, मधुकर, रत्नाकर अशी अख्खी एक पिढी डोळ्यांसमोर उभी राहते. सुरेश-रमेश, सुनंदा-मंदा, हेमलता-स्नेहलता, शालिनी-मालिनी यांचं तसंच. एकाच साच्याची नावं एकाच काळात घरोघरी ठेवली गेली की त्या साच्यावर साल छापलं जातं. सुधाकर तिथे अडकतं. नदीचं आणि देवाचं नाव तसं अडकत नाही, कारण ते माणसांबाहेरही रोज वापरात असतं.

विठ्ठल, ज्ञानेश्वर, तुकाराम यांना ‘परत आलेली’ म्हणू नका. वारकरी घरांतून ती कधी गेलीच नव्हती. शहरात आपण त्यांना गावंढळ ठरवलं, आणि आता आपणच त्यांना ‘रूटेड’ म्हणतो.

परत न येणारीही आहेत. मुलं जगावीत म्हणून ठेवलेली धोंडू, दगडू, केरू ही नावं, आणि मुलगी नको म्हणून ठेवलेलं नकुशी. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ नकुशींची नावं समारंभाने बदलण्यात आली. अशा नावांतून घराण्याची आठवण जपायची असेल तर ती वंशावळीत जपा.

आता गोदावरी. जुन्या नावाची खरी परीक्षा हाक मारताना होते. मराठी तोंडात प्रत्येक नाव झिजतं: यमुनेची यमी, भागीरथीची भागी, पार्वतीची पारू, गोविंदाचा गोंद्या, पांडुरंगाचा पांडू (म्हणजे पोलीस शिपाई). गोदावरीची गोदी होणार, आणि मुंबईत गोदी म्हणजे जहाजांची. म्हणून कागदावर गोदावरी ठेवा आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी ‘गोदा’ म्हणा. हाकेचं नाव तुम्ही ठरवलं नाही तर शाळा ठरवते.

इंग्रजी स्पेलिंगही आधीच लिहून बघा. ‘द’साठी आपण नुसता डी लिहितो, त्यामुळे परदेशात गोदाचं ‘गोडा’ होईल, मसाल्यासारखं. सईचं स्पेलिंग एस-ए-आय केलं की बँकेत ‘साई’ म्हणून पुकारा होतो. कृष्णा या नदीच्या नावाचं आणि कृष्ण या मुलाच्या नावाचं स्पेलिंग एकच होतं, आणि फॉर्मवर लिंगाच्या रकान्यात घोळ होतो. ‘ज्ञ’ असेल तर मराठी वळणाचं डी-एन-वाय की हिंदी वळणाचं जी-वाय, हे एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

घरचा विरोध ‘जुनाट’ एवढाच आहे का, तेही तपासा. कित्येक घरांत सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मग नातवाचं नाव सुधाकर ठेवलं तरी आई त्याला जन्मभर ‘बाळ’ किंवा ‘नाना’च म्हणते, आणि नाव फक्त कागदावर उरतं. आजोबांचं नाव ठेवायचंच असेल तर त्याचं मूळ घ्या: सुधाकर म्हणजे चंद्र, मग सोम किंवा शशांक चालेल. पत्रिकेचं अक्षर वेगळं आलं तर ते नाव पाळण्यात ठेवा. ‘गो’ हे शततारकेचं अक्षर आहे. नक्षत्र दुसरं निघालं म्हणून गोदावरी सोडायची गरज नाही.

पणजीचं माहेरचं नावही विचारून घ्या. लग्नात नाव बदलायची रीत होती, त्यामुळे घरात एकाऐवजी दोन नावं असतात. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, डॉ. आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालेल्या आनंदीबाई माहेरच्या गोदूबाई.

घाई करू नका. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, पण तेव्हा नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. नाव बारा महिन्यांत विनाशुल्क भरता येतं, त्यानंतर विलंब शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. एकदा भरलेलं नाव बदलणं मात्र त्रासाचं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुरावा आहे, म्हणून त्यावरचं मराठी आणि इंग्रजी अक्षरन् अक्षर सही करण्याआधी वाचा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे. चार अक्षरी गोदावरीनंतर दोन लांब नावं आणि आडनाव ऑनलाइन फॉर्मच्या चौकटीत मावतं का, ते आधी मोजून घ्या.